एका हाताचा खलबत्ता

मिक्सरच्या भांड्याचं झाकण लावायला दोन हात लागतात, हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. एका हाताने भांडं घट्ट धरायचं, दुसऱ्याने झाकण दाबून फिरवायचं. जन्मभर केलं, पण कधी लक्षात आलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी सकाळी दात घासता घासता माझ्या उजव्या हातातून ब्रश गळून पडला आणि त्याच्या मागोमाग हातही गेला. इस्पितळात सतरा दिवस काढले. पाय परत आला, थोडा ओढत का होईना. जीभही आली, आणि ती पहिल्याच आठवड्यात आली असं माझी मुलगी सगळ्यांना सांगत असते. हात मात्र खांद्याला नुसता लटकून आहे. व्यायाम शिकवायला येणारी पोरगी त्यात रबराचा चेंडू ठेवते आणि "दाबा आजी, दाबा" म्हणते. चेंडू तसाच राहतो.

मी स्वयंपाकीण. एका इस्पितळाच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं रांधलं, त्यातली शेवटची बारा वर्षं मुख्य म्हणून. दोन खोल्यांचं घर आहे, पहिल्या मजल्यावर, माझ्या नावावर. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मी एकटी राहते आणि मला ते आवडतं. हे असं उघड बोललेलं माझ्या मुलांना आवडत नाही.

थोरला विमा कंपनीत आहे. कुठून काय संकट येईल याचा अंदाज बांधणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम, त्यामुळे इस्पितळातून घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या स्वयंपाकघरात असा उभा राहिला की जणू आग लागून गेल्यावर पाहणीला आलाय.

"आई, गॅस चालू राहिला तर? पडलीस तर? कोण बघणार?"

"इतकी वर्षं तू बघत होतास वाटतं."

"तसं नाही गं. आमच्याकडे मागची खोली आहे. कपाट हलवलं की तुझी कॉट बसते. हे घर काढून टाकू. रिकामं ठेवून काय करायचंय?"

"आणि माझा स्वयंपाक?"

"आता आराम कर. खूप केलंस तू."

खूप केलंस, हे माणूस गेल्यावर म्हणतात. मी समोर जिवंत बसले होते. मुलगी त्याच्या शेजारी उभी राहून माना डोलवत होती, तिचे डोळे भरून आले होते, आणि मला त्या डोळ्यांचाही राग आला. शेवटी मीच बोलून गेले. म्हटलं, चार आठवडे द्या. चौथ्या रविवारी तुम्ही सगळे जेवायला या. मी एकटी रांधीन, कुणाचा हात लागू देणार नाही, पाव सोडला तर विकतचं काही आणणार नाही. जमलं तर मी माझ्या घरात राहीन. नाही जमलं तर येईन तुझ्या कपाटाच्या जागी.

थोरला "बरं" म्हणाला. लहान मूल मोठेपणी राजा होणार म्हणालं की आपण म्हणतो, तसं.

मिक्सरचं पहिल्याच दिवशी कळलं. भांडं गुडघ्यांत धरलं आणि डाव्या हाताने झाकण फिरवलं. बसलं असं वाटलं. बटण दाबलं आणि पुढच्या क्षणी लसूण, मिरची, कोथिंबीर भिंतीवर, छताला, माझ्या चष्म्यावर. छतावरचा डाग अजून आहे. पुसायला शिडी लागते आणि शिडीचं नाव काढलं तर थोरला दुसऱ्या दिवशीच सामान बांधायला घेईल.

"आलं-लसणाचं वाटण डब्यात मिळतं गं आई," मुलगी फोनवर म्हणाली.

"एकतीस वर्षं मी आजाऱ्यांना डब्यातलं घातलं नाही. आता मी आजारी आहे म्हणून मलाच घालू?"

"तू आजारी नाहीस, असं म्हणत होतीस ना?"

मी फोन ठेवला. पोरगी माझ्यावर गेली आहे.

घरात पितळेचा छोटा खलबत्ता होता, वेलदोडे कुटण्यापुरता. तो काढला. चार मिरे टाकून बत्ता मारला, तर खल ओट्यावरून चालायलाच लागला. दुसऱ्या हाताने धरायचा असतो तो. ओला फडका खाली घातला तर चालायचा थांबला, पण मिरे उडायला लागले, कारण वरून तोंड झाकायलाही दुसराच हात लागतो. एक मिरा माझ्या नाकावर बसला. मी तिथेच स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा शांतपणे विचार केला. मला असा खल हवा होता, की ज्याला धरावं लागणार नाही आणि झाकावं लागणार नाही.

समोरच्या दारात शिंपीण राहते. वयाने माझ्या मुलीएवढी, तोंडाने माझ्याएवढी. तिला घेऊन भांड्यांच्या दुकानात गेले.

"आजींना काय हवंय?" दुकानदाराने शिंपिणीला विचारलं.

"आजींना कान आहेत," मी म्हटलं.

तो वरमला आणि त्याने पांढऱ्या संगमरवराचा खल पुढे ठेवला. आतून आरशासारखा गुळगुळीत. म्हणे ओट्यावर शोभून दिसतो. मी त्याला सांगितलं की मला ओटा सजवायचा नाही, आणि गुळगुळीत खलात लसूण ठेचली जात नाही, नुसती पळत राहते. मग लाकडाचा दाखवला. लाकूड वास सोडत नाही, आज लसूण कुटली की आठवडाभर सगळ्यात लसूणच. मग लोखंडाचा. वजन बरं होतं, पण तोंड ताटलीसारखं पसरट, आणि आंबट काही पडलं की काळं पाणी सुटणार. प्रत्येक बत्ता मी डाव्या हातात घेऊन पाहिला. दुकानदार दर वेळी "जपून हं" म्हणत होता. चौथ्यांदा म्हणाला तेव्हा शिंपिणीने मला दंडाला धरून बाहेर काढलं. माझ्या हातात तेव्हा लोखंडी बत्ता होता, हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं. तो परत द्यायला तीच गेली.

लाकडाच्या वखारीमागे एक पाथरवट बसतो. पायऱ्या, उंबरे, नावांच्या पाट्या, असली कामं करतो. दाराबाहेर त्याने काळेभोर, चकचकीत खल ओळीने मांडून ठेवले होते. मी पिशवीतून घराची किल्ली काढली आणि पहिल्या खलाच्या बुडाशी ओरखडा काढला. पांढरी रेघ उठली. मऊ दगड, वरून तेल-काजळी चोपडलेला. दुसराही तसाच.

"माझ्या मालावर काय लिहिताय मावशी?" पाथरवट आतून ओरडला.

"तुमचं खरं नाव लिहितेय."

तो बाहेर आला. अंगभर दगडाची पांढरी धूळ, पापण्यांवरसुद्धा. माझ्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं आणि हसायला लागला. "हे बाहेरचे बघणाऱ्यांसाठी असतात. कुटणाऱ्यांसाठीचे आत आहेत. या."

आतले खल दिसायला कुरूप होते. करडे, खडबडीत, एकाचीही कड सरळ नाही. किल्लीने ओरखडलं तर दगडाला काही झालं नाही, उलट किल्लीचाच धातू दगडावर चमकत राहिला. नखाने टिचकी मारली तर टण्ण वाजला. मी एकेकात हात घालून पाहिला. एक मनगटाच्या वरपर्यंत खोल होता, पोट मोठं आणि तोंड जरा आत वळलेलं. त्यातून मिरा उडणार म्हणजे त्याला भिंत चढून यावं लागलं असतं.

"कुठल्या हाताने कुटता?" पाथरवटाने विचारलं.

हात गेल्यापासून डॉक्टर, मुलं, शेजारी, व्यायामवाली, सगळ्यांनी मला गेलेल्या हाताबद्दल विचारलं होतं. असलेल्याबद्दल विचारणारा हा पहिला. मी उगाच खेकसले.

"डाव्या. नवा आहे तो."

"मग बत्ता मानेला बारीक आणि बुडाला जाड देतो. उचलायला तुम्ही, पाडायला तो. आणि खलाला आतून परत टाकी लावून खरखरीत करून देतो, म्हणजे पकड येईल. पण मावशी, हा एकदा ठेवला की ठेवला. उचलणार कोण?"

"उचलायचाय कशाला? मला कुटायचंय."

"आणखी एक. आधी तांदूळ कुटा. पीठ पांढरं निघेपर्यंत कुटत राहा, चार वेळा, पाच वेळा. घाई केलीत तर खडा दाताखाली येईल."

"तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी कुटतेय," मी म्हटलं. हे खरं नव्हतं. तो साठीचा असेल.

टाकी लावायला त्याने बारा दिवस घेतले. रोज निरोप पाठवत होते, रोज "उद्या" येत होता. शेवटी दोन माणसांनी खल जिन्यावरून वर आणला, दोघांनीही मला ऐकू जाईल अशा बेताने शिव्या घातल्या. खिडकीशी एक बसकं, जाड पायांचं बाकडं होतं, त्यावर ठेवून घेतला. समोर खुर्ची ओढून बसले. चार मिरे टाकले, बत्ता उचलला, सोडला. खल तसूभर हलला नाही. मिरे आतल्या आत फुटले आणि तो वास नाकात गेला. हात गेल्यापासून मला इतका आनंद झाला नव्हता.

मग मला ते मिरे बाहेर काढायचे होते.

मी खलाकडे पाहिलं. तो पालथा करायचा होता. मी वजनाचा विचार केला, खोलीचा केला, बत्त्याच्या मानेचा केला, पण खल उलटा केल्याशिवाय आतलं बाहेर येत नाही हे एकतीस वर्षं कुटणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही. उजवा हात होता तेव्हा मी आयुष्यात कधी खल "उचलला" नव्हता, नुसता रिकामा केला होता. पाथरवट बिचारा सांगत होता आणि मी त्याला उडवून लावलं होतं. खूप हसले. हसता हसता रडले पण, आणि कुणी बघत नव्हतं म्हणून पोटभर रडून घेतलं. मग उठून लांब दांड्याचा चमचा आणला आणि मिरे खरवडून काढले.

चमचा, मग ओला फडका, मग कोरडा फडका. खल धुवायचा म्हणजे वाटीने पाणी घालायचं आणि वाटीनेच काढायचं. शेवटचं घोटभर पाणी फडक्याला पाजायचं आणि फडका दाराच्या कडीला पिळायचा, कारण पिळायलाही दोन हात लागतात. पहिल्या दिवशी या सगळ्याला तास लागला. आठवड्याने वीस मिनिटं लागायला लागली.

डावा हात घरात नवी सून आल्यासारखा होता. कुठे काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, आणि सांगितलेलं करताना भांडी पाडत होता. बत्ता कडेवर आपटायचा, बोटं सोलवटायची. पण रोज सकाळी तांदूळ घेऊन बसत होते. पहिल्या खेपेला पीठ सिमेंटसारखं निघालं. दुसऱ्या खेपेला राखेसारखं. खांदा इतका दुखायचा की केस विंचरायला हात वर जायचा नाही. शिंपीण दारात उभी राहून म्हणायची, "काकू, मी दोन हात मारते की." मी तिला म्हणायचे की तुझे दोन हात तुझ्या मशीनवर चालव.

तिसऱ्या खेपेचं पीठ शनिवारी निघालं, जेवणाच्या आदल्या दिवशी. खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. करडं म्हणावं तर करडं होतं, पांढरं म्हणावं तर पांढरं. खांदा ठणकत होता आणि अजून कोंबडी आणायची होती. मी पांढरं म्हटलं.

रविवारी पहाटेच उठले. धणे आणि मिरे तव्यावर भाजून खलात टाकले. धणे कुटताना बत्ता जोरात मारायचा नाही, नुसता पाडायचा आणि भिंतीला घासत वर घ्यायचा, तरच साल सुटते. ते चमच्याने काढून ठेवले. मग आलं, लसूण आणि जाडं मीठ एकत्र. मीठ लसणीला पळू देत नाही. कांदे चिरायचा प्रश्न मी सोडवला होता: चिरायचेच नाहीत. चार भाग कसेबसे करायचे, खलात टाकायचे, चेचायचे. चेचलेला कांदा रश्श्यात असा विरघळतो की चिरणाऱ्यांना स्वप्नातही दिसणार नाही. इतकी वर्षं मी उगाच चिरत बसले होते. कोंबडीचे तुकडे खाटकाकडून करून आणले होते. वांगी जाळावर भाजली, साल चमच्याने ओढली, आणि त्यांच्यासाठी दाणे, लसूण, हिरवी मिरची असं भरड कुटून ठेवलं. भाताचं भरलं पातेलं उचलता येत नाही, म्हणून पातेलं गॅसवर ठेवून त्यात मगाने पाणी घातलं. सगळं असंच. जे उचलता येत नाही ते होतं तिथेच ठेवून बाकीचं जग त्याच्याकडे न्यायचं.

बारा वाजता मी अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून खुर्चीत बसले होते. घरभर वास दरवळत होता. शिंपिणीने दोनदा दार उघडून नुसता वास घेतला आणि बंद केलं.

थोरला, सून आणि मुलगी एकदमच आले. जावई कामानिमित्त बाहेरगावी होता. थोरल्याने आधी गॅस पाहिला, मग छतावरचा डाग पाहिला, मग खलाकडे पाहून म्हणाला, "हा पायावर पडला असता म्हणजे?"

"हा पडत नाही. त्यासाठीच घेतला. बसा."

वाढलं मीच. एका हाताने वाढायचं म्हणजे ताट आधी टेबलावर ठेवायचं आणि फेऱ्या मारायच्या. माझ्या सोळा फेऱ्या झाल्या. सून उठायला लागली तर नुसतं तिच्याकडे पाहिलं, ती बसली.

मग कुणी बोलेना. एकतीस वर्षं मी लोकांना जेवताना पाहिलंय. बोलणारं जेवण वेगळं आणि गप्प करणारं वेगळं. थोरल्याच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचे थेंब आले होते, लहानपणी यायचे तसे. त्याने न विचारता रस्सा परत घेतला. मुलगी पाव पुसून पुसून खात होती. माझा जीव भांड्यात पडला. मी स्वतःचं ताट पुढे ओढलं.

तेवढ्यात थोरल्याच्या तोंडातून आवाज आला. कच्च.

त्याने जिभेने ते पुढे आणलं, बोटावर घेतलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. मोहरीएवढा करडा खडा. आम्ही चौघंही त्याच्याकडे बघत बसलो.

"खडा आहे," थोरला म्हणाला.

"माझी चूक," मी म्हटलं. "खल नवा आहे. तांदूळ आणखी एकदा कुटायला हवा होता. मला माहीत होतं, पण खांदा दुखत होता."

"तेच म्हणतोय मी, आई." त्याचा आवाज एकदम मऊ झाला, आणि मी मनातून सावध झाले. लोक सांत्वनाला येतात तेव्हा त्यांचा आवाज असा असतो. "किती केलंस तू. खरंच. मला वाटलं नव्हतं. पण आज खडा आहे, उद्या काय असेल? तुला कळलं होतं, तरी खांदा दुखला म्हणून सोडून दिलंस ना? असंच होत जाणार आता."

तो उठला, हात धुतला, रुमालाने नीट पुसला आणि बॅगेतून एक कागद काढला. घर विकायचे अधिकार त्याच्या नावाने करून द्यायचा. खाली सहीची जागा. कागदाच्या शेजारी त्याने एक गोल, चपटी डबी ठेवली.

"सही तुला जमायची नाही, म्हणून अंगठा चालतो. डाव्या हाताचा. मी विचारून घेतलंय."

शाईचा पॅड होता. नवाकोरा, वरचं पातळ प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"हा कधी घेतलास?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"पॅड. कधी घेतलास?"

थोरल्याने डबी जरा सरळ केली. मुलगी ग्लासाकडे बघायला लागली. सुनेने घास चावून संपवला आणि ताटातून मान वर न करता म्हणाली, "गेल्या महिन्यात. तुम्ही चार आठवडे मागितलेत ना आई, त्याच संध्याकाळी. येता येता."

थोरल्याने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. ती मला म्हणाली, "वांगं आहे का अजून?"

"ओट्यावर. घे."

मला राग आला होता, आणि रागाहून जास्त लाज वाटत होती. त्याची नव्हे, माझी. महिनाभर मी बोटं सोलून घेतली, खांदा मोडून घेतला, रोज उठून पिठाचा रंग पाहिला, आणि हा माणूस पहिल्या दिवसापासून खिशात निकाल घेऊन हिंडत होता. पण परीक्षेला बसवलं होतं कुणी? मीच. माझ्याच घरात, माझ्याच पोटच्या पोरांसमोर, मीच म्हटलं होतं की चांगलं रांधलं तर राहीन. एवढी मूर्ख बाई मी दुसरी पाहिली नाही.

"खडा माझा," मी म्हटलं. "तो मी कबूल केलाय. पण घर खड्यावर ठरत नाही, आणि रश्श्यावरही ठरत नाही. तसं ठरवलं ही माझी खरी चूक. रस्सा जळला असता तरी हे घर माझंच होतं. उद्या मी पाण्यात पाव बुडवून खाल्ला तरी ते माझंच राहणार."

"आई, आम्ही काळजीपोटीच…" मुलगी म्हणाली.

"काळजी असेल तर रविवारी येत जा. जेवायला. आधी कळवून ये, कांदे चेचायला वेळ लागतो."

"हट्ट आहे हा," थोरला म्हणाला. आवाजातला मऊपणा गेला होता आणि मला ते बरं वाटलं. "आज ना उद्या तुला हे करावंच लागेल. निदान कागद तयार असू दे. अंगठा देऊन ठेव. मी लगेच काही करणार नाही."

अंगठा. एकतीस वर्षं भाजी आली, दूध आलं, पीठ आलं, की पावतीवर माझी सही होत होती. मी एकदाही अंगठा उठवला नव्हता.

"अंगठा कशाला?" मी म्हटलं. "पेन दे."

त्याच्या चेहऱ्यावर आशा आली. मला ती दिसली आणि थोडं वाईटही वाटलं, कारण शेवटी तो माझाच मुलगा आहे आणि त्याला हरायची सवय नाही. त्याने खिशातलं शाईचं पेन दिलं. मी टोपण दातांनी काढून टेबलावर टाकलं. पेन डाव्या हातात बत्त्यासारखंच धरलं, मुठीत, कारण डाव्याला तेवढंच येतं. कागद सरकायला लागला तसा मी मेलेला उजवा हात उचलून त्यावर ठेवला. तेवढ्या वजनाला तो पुरेसा होता.

सहीच्या जागी पहिलं अक्षर काढलं. वाकडं आलं. त्याचा काना खाली दुसऱ्या ओळीत घुसला. दुसरं अक्षर अवघड होतं, वळणावर निब अडकलं आणि शाईचा ठिपका पडला. वेलांटी काढताना पेन मुठीत फिरलं, ते नीट धरून मग पुढे गेले. घाई केली नाही. सगळ्यांत शेवटी वरची रेघ ओढली, खडखडीत रस्त्यावरून गाडी जावी तशी. पहिलीतल्या पोराच्या पाटीवरसुद्धा याहून बरं असतं. पण वाचता येत होतं. तिघांनीही वाचलं.

नाही.

कागद मी थोरल्याकडे सरकवला, मग पेन. तो कागदाकडेच बघत होता.

"टोपण तेवढं लाव," मी त्याला म्हटलं. "त्याला दोन हात लागतात."